तांदळाच्या डब्यात वाजलेला फोन (मुलांच्या हाती नको ते पडू नये म्हणून तुम्ही काय करता?)

ओवी_लालबाग | मंगळवार, रात्री ११:५२

नमस्कार मंडळी. मी इथे पाककृतींच्या धाग्यांवर वाचनमात्र असते. स्वतःचा धागा पहिल्यांदाच काढतेय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

गेल्या शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून घरी आले तर सासरे घरभर मोबाईल शोधत होते. अण्णांचं सगळं त्या फोनवर चालतं. पहाटे हरिपाठ, दुपारी जुन्या मॅचेस, रात्री नातेवाइकांच्या ग्रुपवर सुप्रभात (हो, रात्रीच, म्हणजे सकाळी लोकांना वेळेवर मिळतं). सासूबाई म्हणाल्या, "दोन तास झाले, गाद्या झटकून झाल्या." मी माझ्या फोनवरून रिंग दिली. ओट्याखालून टाळ-मृदंगाचा दबलेला आवाज यायला लागला. तांदळाच्या डब्यातून! दहा किलोचा स्टीलचा डबा, झाकण घट्ट. कोपरापर्यंत हात घालून फोन बाहेर काढला.

लेक दाराआड उभा होता. वय नऊ, चौथीत आहे. मी काही विचारायच्या आतच रडायला लागला. "तो खराब झालाय. मी नाही केलं. बरा होईल म्हणून ठेवला."

गेल्या पावसाळ्यात अण्णांचा फोन भिजला तेव्हा सासूबाईंनी तो दोन दिवस तांदळात पुरून ठेवला होता आणि तो खरंच चालू झाला होता. पोराने तेवढंच लक्षात ठेवलं.

झालं होतं असं, की त्या बंदुकीच्या गेममध्ये फुकट डायमंड कसे मिळतात हे त्याने माईकचं बटण दाबून विचारलं. इंग्रजी स्पेलिंग जमत नाही, पण तोंडाने विचारता येतं ना. कुठल्याशा पानावर पोचला, "इथे दाबा, इथे दाबा" करत पुढे गेला आणि चौथ्या-पाचव्या टिचकीला जे उघडलं ते मी नंतर हिस्टरीत पाहिलं. मोठ्या माणसाला मळमळेल असं होतं.

त्याच्या टॅबवर फॅमिली लिंक (मुलाच्या वापरावर पालकांचा ताबा ठेवणारं गुगलचं ॲप) आहे, यूट्यूब किड्स आहे, माझ्या फोनला पासवर्ड आहे. म्हणजे मी स्वतःला फार शहाणी समजत होते. अण्णांचा फोन कधी डोक्यातच आला नाही.

मी मारलं नाही, पण ओरडले. तेच आता खातंय. नवरा म्हणतो मोबाईल पूर्ण बंद. सासरे म्हणतात, आमच्या फोनला नावं ठेवू नका. तुमच्याकडे काय करता ते सांगाल का?

खडूस_पक्या | बुधवार, सकाळी ७:१०

सोप्पंय. द्यायचाच नाही. आम्ही गोट्या खेळून मोठे झालो, काही बिघडलं नाही.

बटाटावडा_चहा | ७:३१

पक्या, लालबागात गोट्या खेळायला मोकळी जागा दाखव, मी खिशात गोट्या घेऊन येतो. आणि "काही बिघडलं नाही" हे कोण ठरवणार, तूच?

ओवीताई, तांदळाचा किस्सा वाचून आधी हसलो, मग एकदम हसू थांबलं.

राऊटरवाला | ९:०५

ताई, मी कांदिवलीत इंटरनेटची जोडणी देतो, अकरा वर्षं झाली. लोकांच्या घरात शिरतो, त्यामुळे हा प्रश्न आठवड्यातून एकदा तरी येतोच. तोही वायर ओढून झाल्यावर, चपला घालताना, हळू आवाजात.

जरा इस्कटून सांगतो. आपण साइटचं नाव टाकलं की फोन आधी एका डिरेक्टरीला विचारतो, या नावाचा नंबर काय? याला डीएनएस म्हणतात. ही डिरेक्टरी आपल्याला बदलता येते. क्लाउडफ्लेअर कंपनीने एप्रिल २०२० मध्ये कुटुंबांसाठी वेगळी डिरेक्टरी फुकट दिली, तिचा आकडा १.१.१.३ (इंग्रजी आकड्यांत टाका). अश्लील साइटचं किंवा व्हायरसवाल्या साइटचं नाव विचारलं की ती नंबरच देत नाही, पान उघडतच नाही. ओपनडीएनएसची फॅमिलीशील्ड आहे, २०८.६७.२२२.१२३. यातलं एक राऊटरमध्ये टाकलं की टीव्ही, टॅब, पाहुण्यांचा फोन, सगळ्यांना लागू. पाच मिनिटांचं काम.

पण राऊटरचा पासवर्ड बदला हो! आम्ही बसवताना जो असतो तोच वर्षानुवर्षं राहतो, आणि तो राऊटरच्या बुडाला छापलेला असतो. पोरं राऊटर उलटा करून वाचतात आणि सगळं पूर्ववत करून ठेवतात. एका घरी तर सहावीतल्या मुलीनेच मला पासवर्ड सांगितला.

आता अण्णांचा फोन. तो वायफाय सोडून डेटावर गेला की राऊटर गेला तेल लावत. त्यासाठी ॲण्ड्रॉइड ९ पासून पुढच्या फोनमध्ये सेटिंगमध्ये "प्रायव्हेट डीएनएस" असतं. तिथे आकडा चालत नाही, नाव लागतं: फॅमिली डॉट क्लाउडफ्लेअर-डीएनएस डॉट कॉम, इंग्रजी अक्षरांत, मधल्या आडव्या रेघेसकट. हे वायफायवरही चालतं, डेटावरही.

याने सगळं सुटत नाही, तेही ऐका. डिरेक्टरीला बिल्डिंग कळते, खोली कळत नाही. यूट्यूबचं नाव विचारलं तर ती जाऊ देणारच, आत पोरगं काय बघतंय ते तिला दिसत नाही. इन्स्टा, टेलिग्राम, व्हॉट्सॲपवर आलेला व्हिडिओ, इथे तिचा शून्य उपयोग. आणि फुकटातलं व्हीपीएन (आपलं सगळं नेट दुसऱ्याच वाटेने फिरवणारं ॲप) टाकलं तर डिरेक्टरीच बदलून जाते.

माहीमचे_नाना | ११:२०

वय वर्षे ७४. धागा वाचला. आमच्या पिढीचा फोन म्हणजे गळका नळ आणि तुमचा तेवढा शुद्ध पाण्याचा, असा सूर दिसतो. नातवंडे आमच्याकडे का येतात? आई-बाप साडेसहापर्यंत घरी नसतात म्हणून. पोर रडले की फोन द्या, असे सूनबाईच फोनवरून सांगते. आता माझ्याच फोनला कुलूप लावायचे म्हणजे माझेही वय नऊच धरायचे काय?

बटाटावडा_चहा | ११:२६

नाना, तुमचं म्हणणं रास्त आहे, पण कालच तुम्ही "निवडक चित्रफिती" धाग्यावर अपघाताचा व्हिडिओ टाकला होतात, तो संपादकांनी उडवला. नळ थोडा गळतो.

माहीमचे_नाना | ११:४०

तो प्रबोधनासाठी होता.

राऊटरवाला | दुपारी १:१५

नाना, रागावू नका. तुमच्या वयाला नाही, हातातून हातात जाणाऱ्या फोनला कुलूप लावायचंय. ॲण्ड्रॉइडच्या सुरक्षा सेटिंगमध्ये "ॲप पिन" म्हणून सोय असते. ती चालू ठेवायची. नातवाला गाणी लावून दिलीत की ते एकच ॲप खिळवून फोन द्यायचा. त्यातून बाहेर पडायला तुमचा पिन लागतो. त्याला गुगल उघडत नाही, तुमच्या ग्रुपवर जाता येत नाही, चुकून कुणाला फोन लागत नाही. आयफोनमध्ये यालाच "गाइडेड ॲक्सेस" म्हणतात. फोन परत तुमच्या हातात आला की तुमचं सगळं तुमच्यापाशी, जसंच्या तसं.

ओवीताई, फॅमिली लिंक अण्णांच्या फोनवर तशी चालणार नाही. ती मुलाच्या स्वतःच्या गुगल खात्याला लागते. अण्णा स्वतःच्या, मोठ्या माणसाच्या खात्यात आहेत. एक गंमत सांगतो. तिच्यात क्रोमसाठी जो पर्याय आहे त्याचं नावच मुळी "अश्लील साइट रोखण्याचा प्रयत्न करा" अशा अर्थाचं आहे. प्रयत्न! गुगलनेही छातीठोकपणे सांगितलेलं नाही. अगदी लहान मूल असेल तर दुसरा पर्याय घ्या: आपण परवानगी दिलेल्या साइटच उघडतील, बाकी जग बंद. तसंच यूट्यूब किड्समध्ये "फक्त मंजूर केलेलं" असं करता येतं, मग शोधायची सोयच राहत नाही, तुम्ही निवडलेलेच व्हिडिओ आणि चॅनेल. कंटाळवाणं काम आहे, रविवारची दुपार जाते.

शाळेतली_बाई | संध्याकाळी ५:४८

भायखळ्याला प्राथमिक शाळेत शिकवते. जून २०२० मध्ये ऑनलाइन शाळा सुरू झाली तेव्हा आम्हीच पालकांच्या मागे लागलो, मुलाच्या हातात फोन द्या, लिंकवर आणा. मग शाळा उघडल्या आणि आता आम्हीच सांगतो, फोन काढून घ्या. पालकसभेत कुणी हे तोंडावर ऐकवलं की माझ्याकडे उत्तर नसतं.

मला दिसतं ते सांगते. घरी कितीही कुलपं लावा, व्हॅनमध्ये मागच्या सीटवर एका मुलाकडे फोन असतो आणि सहा डोकी त्यावर वाकलेली असतात. माझ्या वर्गातल्या एका मुलीने मला विचारलं, "बाई, डोळे मिटले तरी दिसतं, ते कसं घालवायचं?" तिने घरी सांगितलं नव्हतं. का, तर तिला वाटत होतं, सांगितलं की व्हॅन बंद होईल आणि मैत्रिणी तुटतील. ओवीताई, तुमच्या पोराने फोन तांदळात ठेवला, फेकला नाही की लपूनछपून पुन्हा उघडला नाही. त्याला मदत हवी होती, कुणाला विचारायचं ते कळत नव्हतं. त्याच्याशी पुन्हा एकदा बसून बोला. ओरडले ते चुकलं, असं सरळ सांगा. मुलं ते फार चटकन माफ करतात, आपल्यालाच जड जातं.

आणि फक्त उघडेवाघडे व्हिडिओच डोक्यात धरू नका. ओळखीची कार्टूनची पात्रं घेऊन त्यांना मारझोड, इंजेक्शनं, रक्तबिक्त दाखवणारे व्हिडिओ २०१७ मध्ये "एल्सागेट" नावाने जगभर गाजले होते. वरचं चित्र इतकं निरागस, की स्वयंपाकघरातून मान वळवून पाहिलं तर वाटावं, बसलंय बिचारं गाणी ऐकत. म्हणून पहिली दुसरीच्या पालकांना माझं एकच सांगणं असतं, हेडफोन देऊ नका. आवाज आपल्या कानावर पडू दे. वैताग येतो, पण कळतं.

इन_मीन_तीन | रात्री १०:३०

मुलुंड. मुलगी पंधरा वर्षांची. नऊ वर्षांच्याचे प्रश्न मला आता गोड वाटतात.

मी दीड वर्षापूर्वी तिच्या फोनमध्ये गुपचूप एक हेरगिरीचं ॲप टाकलं. मेसेज, फोटो, सगळं माझ्याकडे यायचं. बॅटरी भराभर उतरते म्हणून ती दुकानात घेऊन गेली आणि दुकानदाराने काउंटरवर, तिच्या मैत्रिणीसमोर सांगितलं की यात कुणीतरी पाळत ठेवतंय. ती घरी येऊन एक शब्द बोलली नाही. त्यानंतर माझ्या फोनवर जे दिसायचं ते सगळं साजूक होतं. अभ्यास, प्रोजेक्ट, आजीला गुड नाइट. मी खूश. सहामाहीनंतर कळलं की मैत्रिणीच्या भावाचा जुना फोन तिच्या दप्तरात असायचा आणि खरं आयुष्य त्यात चालू होतं.

आता आमचा तह झालाय. रात्री साडेदहाला तिघांचेही फोन बाहेरच्या खोलीत चार्जिंगला, माझाही (हे कलम तिने घातलं). इन्स्टावर तिने जन्मवर्ष खोटं टाकलं होतं, ते बसून दुरुस्त केलं. भारतात फेब्रुवारी २०२५ पासून तिथे किशोरांची वेगळी खाती आली आहेत. खातं आपोआप खाजगी, अनोळखी माणसाचा थेट मेसेज येत नाही, आणि १६ वर्षांखालच्याला हे सैल करायचं तर पालकाची परवानगी लागते. पण खोटं वय टाकलं की हे सगळं मुसळ केरात. घरोघरी हेच झालंय. आणि पहिलं खोटं वय बरेचदा आपणच टाकून दिलेलं असतं, "हो म्हण ना बाळा, पुढे जाऊ दे" करत.

फोर्टातला_वकील | गुरुवार, सकाळी ८:५५

"सरकार बंद का करत नाही" हा प्रतिसाद अजून आला नाही याचं आश्चर्य वाटतंय, म्हणून आधीच लिहून टाकतो. करून झालंय. ऑगस्ट २०१५ मध्ये ८५७ साइट बंद केल्या, आरडाओरडा झाला आणि आदेश काही दिवसांत सैल केला. मग उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये ८२७ बंद केल्या. नावात एखादं अक्षर इकडेतिकडे करून त्यातल्या काही परत आल्या. ब्रिटनमध्ये जुलै २०२५ पासून अशा साइटना वय तपासणं सक्तीचं झालं, तर लगेच व्हीपीएनचे डाउनलोड वाढले. ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालच्यांना सोशल मीडियावर खातं ठेवायला मनाई केली. त्यातली मला आवडलेली गोष्ट एवढीच, की दंड कंपनीला आहे, ४ कोटी ९५ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरपर्यंत. मुलाला नाही, आईबापांनाही नाही.

आपल्याकडे २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्यात १८ खालचा प्रत्येकजण मूल धरलाय. त्याची माहिती वापरायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती हवी, आणि मुलांवर पाळत ठेवून जाहिराती दाखवायला बंदी. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले, पण ही कलमं लागू व्हायला दीड वर्षाची मुदत दिली आहे. ओटीटीवर मात्र २०२१ च्या नियमांप्रमाणे यूए १३+ आणि त्यापुढच्या मजकुराला पालकांसाठी कुलपाची सोय द्यावीच लागते. हॉलमधल्या टीव्हीवर ते कुलूप लावलेलं एकही घर मी पाहिलेलं नाही. माझं धरून.

एक गोष्ट मात्र सगळ्यांनी नीट वाचा. वर्गाच्या किंवा सोसायटीच्या ग्रुपवर एखाद्या मुलाचा वा मुलीचा तसला फोटो-व्हिडिओ आला, तर "बघा काय चाललंय" म्हणून पुढे पाठवू नका, मुख्याध्यापकांनाही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६७ब कलमाखाली तो पुढे पाठवणं हाच गुन्हा आहे, हेतू कितीही चांगला असो. साठवून ठेवण्याबद्दलही सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर २०२४ मध्ये कडक भूमिका घेतली आहे. कुणी, कुठे, कधी टाकला ते कागदावर लिहा आणि केंद्राच्या सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार करा. मुलांसंबंधीच्या अशा मजकुराची तक्रार तिथे नाव न सांगताही करता येते. मूल संकटात असेल तर १०९८. फोनवर पैसे उकळण्याचा प्रकार असेल तर १९३०. माझ्याकडे आलेल्या एका प्रकरणात सगळ्यात जास्त अडचणीत आली ती व्हिडिओ "पुरावा म्हणून" चाळीस जणांना पाठवणारी जागरूक व्यक्ती.

खडूस_पक्या | ९:२०

एवढं कोण वाचणार. सांगलीच्या त्या गावासारखं करा, भोंगा वाजला की टीव्ही-मोबाईल बंद.

बटाटावडा_चहा | ९:३२

मोहित्यांचे वडगाव. कडेगाव तालुका, २०२२ पासून. संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा, दीड तास सगळं बंद, पोरं अभ्यासाला. कल्पना झकास आहे. आमच्या बिल्डिंगमध्ये भोंगा वाजवला तर लोक खाली गाड्या काढायला पळतील.

असल्फा_डोंगर | दुपारी ३:०५

मी रोज वाचते, लिहीत नाही. पाच घरी पोळ्या करते, दुपारी दोन ते चार मोकळी असते तेव्हा वाचते. लिहिण्यात चुका झाल्या तर माफ करा.

तुम्ही सगळे राऊटर, टॅब, बाहेरची खोली म्हणताय. आमच्याकडे खोली एकच आणि फोन एकच. तो माझ्याबरोबर कामाला येतो. मुलगी अकरा वर्षांची, शाळेतून आली की शेजारच्या वहिनींच्या फोनवर असते, कारण शाळेचा गृहपाठ ग्रुपवर येतो. वहिनींचा दीर त्याच फोनवर काय बघतो ते गल्लीला माहीत आहे. आणि तो फोन शिकलाय. मुलगी डान्स बघायला उघडते तर खाली त्याच्या आवडीचे व्हिडिओ येतात. तिने काही शोधलेलं नसतं तरी येतात.

राऊटरवाले दादांनी सांगितलं ते प्रायव्हेट डीएनएस मी काल वहिनींच्या फोनवर टाकलं. स्पेलिंग तीनदा चुकलं, चौथ्यांदा लागलं. दिराला सांगितलं नाही. त्याचा नेट खराब झालाय असं तो म्हणतोय.

बटाटावडा_चहा | ३:०९

_/\_

शाळेतली_बाई | ३:४०

ताई, तुम्ही लिहीत जा हो. "फोन शिकलाय" हे मी उद्या पालकसभेत असंच्या असं सांगणार आहे. वहिनींना म्हणावं, यूट्यूबची हिस्टरी पुसून टाका आणि तिथलं "प्रतिबंधित मोड" चालू करा. त्यातून काही सुटतंही, पण पुष्कळसं गाळलं जातं, आणि व्हिडिओखालच्या कमेंट दिसत नाहीत. मुलांना पुढे ढकलणाऱ्या लिंका बरेचदा तिथेच असतात.

राऊटरवाला | संध्याकाळी ६:१२

ताई, तुमच्यासारखं गिऱ्हाईक मिळालं तर माझा धंदा बंद होईल.

एक भर: क्लीनब्राउझिंग म्हणून आणखी एक फुकट डिरेक्टरी आहे, तिचा फॅमिली फिल्टर गुगल आणि यूट्यूबही आपोआप सुरक्षित मोडवर टाकतो. व्हीपीएनच्या साइटही अडवतो. मात्र फार कडक आहे, रेडिट वगैरेही बंद होतं. दिराला ते जाणवेल.

टीवायची_पोर | रात्री ११:५८

मी वीस वर्षांची, त्यामुळे इथे मी "ते मूल" आहे.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, फुकट डेटा, आणि बाबांनी जुना फोन मला गाण्यांसाठी दिला. मी अकराची होते. तेव्हाच पाहिलं, चुलतभावाने दाखवलं. मला सगळ्यात जास्त आठवतं ते त्यानंतरचं जेवण. पिठलं-भात होता. आई विचारत होती, जेवत का नाहीस, आणि मला वाटत होतं माझ्या तोंडावर लिहिलंय. दोन वर्षं कुणाला बोलले नाही. चुलतभाऊ दर दिवाळीत येत होता.

तुम्ही विचाराल कुठलं ॲप असतं तर फायदा झाला असता. असलं तर बरंच झालं असतं, पण तो त्याच्या फोनवरच दाखवत होता ना. आई कधीतरी सहज म्हणाली असती, की असं काही दिसू शकतं, कुणी दाखवू शकतं, आणि दिसलं तर तू माझ्यावर टाक, तर मी त्याच रात्री टाकलं असतं. माझी आई वाईट नाही. तिला हे बोलायला शब्दच नव्हते. आपल्याकडे या गोष्टीला एकतर शिवी आहे नाहीतर संस्कृत.

माहीमचे_नाना | शुक्रवार, सकाळी ६:१५

शेवटचे वाक्य दोनदा वाचले. आमच्या घरीही शब्द नव्हते.

संपादक | १०:००

विषयाशी संबंध नसलेले आणि एकमेकांच्या संस्कारांबद्दलचे अकरा प्रतिसाद काढले आहेत. धागा चांगला चाललाय, चालू द्या.

ओवी_लालबाग | तीन आठवड्यांनी, रविवार, रात्री १०:२०

सगळ्यांना एकेकट्याने उत्तर देता आलं नाही, शेवटची तारीख जवळ आली की आमच्या ऑफिसात माणसाला माणूस समजत नाहीत. पण रोज लोअर परळ ते अंधेरी उभ्याने हा धागा वाचत होते.

आधी राऊटर. १.१.१.३ टाकला, पासवर्ड बदलला. अण्णांच्या फोनवर प्रायव्हेट डीएनएस टाकलं, अण्णांना विचारून. ते आधी फुगले. मग मी त्यांना हा धागा मोठ्याने वाचून दाखवला, असल्फ्याच्या ताई आणि त्या टीवायच्या मुलीपर्यंत. ऐकून बराच वेळ गप्प होते. अण्णा तीस वर्षं गिरणीत मागावर होते. म्हणाले, "सूत तुटलं की माग थांबवायचा, गाठ मारायची, पुन्हा चालू करायचा. जॉबरला, म्हणजे मुकादमाला, हाका मारत बसलं की दिवस गेला. मी त्या दिवशी पोरावरच ओरडत बसलो." मीही तेच केलं होतं, हे त्यांना सांगितलं.

ॲप पिन त्यांना इतका आवडलाय की आता ते स्वतःचा हरिपाठसुद्धा खिळवून ठेवतात. परवा रक्त तपासणीच्या लॅबमधून माणूस खाली येऊन उभा राहिला, त्याला पत्ता पाठवायचा, आणि अण्णांना हरिपाठातून बाहेर पडायचा पिन आठवेना. नातवाने सांगितला. (हो, मलाही कळलं. पिन बदललाय.)

लेकाशी बोलले. शाळेतल्या बाई, तुम्ही म्हणालात तसं आधी माफी मागितली. तो म्हणाला, "चालेल." मग मी म्हटलं, असं काही पुन्हा दिसलं तर मला काय म्हणशील? त्याला नाव सापडेना, मलाही सापडेना. टीवायची_पोर, तुझं वाक्य तेव्हा आठवलं. शेवटी तोच म्हणाला, "मी नुसतं तांदूळ म्हणेन." ठरलं.

काल रात्री भाजी चिरत होते. आतून आवाज आला, "आई, तांदूळ." गॅस बंद केला आणि हात न पुसताच गेले. अण्णांचा फोन पालथा घालून ठेवला होता आणि तो दोन हात लांब बसला होता. मी उलटून बघितलं तर नातेवाइकांच्या ग्रुपवर मामेसासऱ्यांनी रेल्वे रुळांवरच्या अपघाताचा व्हिडिओ टाकलेला. तो आपोआप उतरला होता आणि फोटोंच्या गॅलरीत गणपतीच्या फोटोंशेजारी जाऊन बसला होता. लेक गणपतीचे फोटो बघत होता.

राऊटरवाले, याला काही उपाय?

राऊटरवाला | १०:४१

डिरेक्टरीच्या हातात नाही हे. व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये जा, स्टोरेज आणि डेटा, तिथे मीडिया ऑटो-डाउनलोड. मोबाईल डेटा, वायफाय, रोमिंग अशा तीन ओळी आहेत, तिन्हीत फोटो आणि व्हिडिओवरची खूण काढा. शिवाय चॅट सेटिंगमध्ये "मीडिया गॅलरीत दाखवा" बंद करा. म्हणजे अण्णांनी स्वतः दाबल्याशिवाय काही उतरणार नाही आणि गणपतीशेजारी येऊन बसणार नाही. बाकी मामेसासऱ्यांवर सेटिंग नाही.

असल्फा_डोंगर | १०:५५

वहिनींच्या फोनवर पण करते उद्या.

माहीमचे_नाना | ११:१०

आमच्याही घराण्याचा ग्रुप आहे. त्यातला मामेसासरा मीच. उद्या सकाळपासून बघतो.